सूचीतली एक ओळ

मालाडच्या खाडीकडे पाठ करून उभ्या असलेल्या
काचेच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर
अमेरिकन साहित्य तयार होतं.
हसू नका. एकोणीस वर्षं मी तिथे मुद्रितं तपासते आहे.
ओहायोतल्या अकरावीच्या पोरांनी
कोणाला आपलं म्हणायचं ते तिकडे ठरतं, कबूल;
पण स्वल्पविराम माझे असतात.
‘कलर’मधला यू मी काढते,
तांदळातला खडा काढावा तसा, न बोलता.

शेजारी फ्रेडा मिनेझिस चित्रांखालच्या ओळी लावते:
गव्हाचं शेत. वाफेचं इंजिन. कापूस वेचणाऱ्या बायका.
वसईच्या पलीकडे ती फारशी गेलेली नाही,
पण मिसिसिपीत एस किती, झोपेत विचारा.

या खेपेला हजार पानांच्या गठ्ठ्यात
एक कथा आली. कुमुद टिपणीस.
जन्म पार्ले, मुक्काम क्लीव्हलँड,
औषधांच्या दुकानात नोकरी, चाळीस हिवाळे.
कथेची पानं चार, तळटिपा धरून.
बिस्किटांच्या वासाची गल्ली,
एक मुलगी वडील गेल्यावर त्यांचा कोट
धाकट्या भावाच्या मापाचा करायला नेते,
आणि शिंपी कात्री हातात घेऊन बसूनच राहतो.
म्हणतो, हे खांदे मला पाठ आहेत गं.
बस, एवढंच.
बर्फ नाही, विमानतळ नाही, ध्वजही नाही कुठे.

तिकडच्या बाईंनी समासात लिहिलं:
फार सुंदर. पण ही अमेरिकन आहे का?

मी नियमाप्रमाणे तपासून कळवलं:
नागरिकत्व एकोणीसशे एकोणऐंशी,
भाषा इंग्रजी, तीही यू काढलेली.
उत्तर आलं: लेखिका नव्हे हो. कथा.

आता याच पुस्तकात, चारशे दहाव्या पानापासून
एक गोरा गृहस्थ लिस्बनच्या खानावळीत
बावीस पानं मासे खात बसलाय,
भोवती सगळे पोर्तुगीज, वरती आकाशही तिथलंच.
त्याच्या समासात कोणी काही लिहिलेलं नाही.
तो जिथे बसेल तिथे त्याच्या खुर्चीखाली अमेरिका.
कुमुदबाईंच्या खुर्चीखाली मात्र
चाळीस वर्षांनीही पार्लेच.

मला राग आला. मग जेवणाच्या सुट्टीत
डबा उघडता उघडता आठवलं,
वाचनालयात एकदा तंजावरकडचं एक मराठी चोपडं
हातात घेऊन मीच म्हणाले होते,
छान आहे, पण हे मराठी म्हणायचं का?
कोणाला विचारलं होतं? कपाटाला, बहुतेक.
कपाट काही बोललं नव्हतं.
दोडक्याची भाजी तशीच राहिली.

शेवटी निकाल सोळाने लावला.
पुस्तक छापतात सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये,
आणि आमची पानं भरत होती चार जास्त.
कोणी दुष्ट नव्हतं. पत्रात दोनदा क्षमा मागितली होती.
लिस्बनच्या माणसाचा एक मासा कमी करता आला असता,
पण तो अभिजात मासा.

मी कथा उचलली. पुढची सगळी पानं
चारने मागे सरकली, निमूट, रांगेतल्या माणसांसारखी.
नवा विभाग उजव्या पानावर सुरू व्हावा लागतो,
म्हणून नऊशे बासष्ट कोरं राहिलं.
फ्रेडा म्हणाली, चित्र टाकू का? गव्हाचं एक उरलंय.
नको म्हटलं.

मग सूची. ट, टि.
नाव, स्वल्पविराम, आडनावाआधी की नंतर ते बरोबर,
आकडा बरोबर.
कर्सर तिथे उभा राहिला, मीही.
बाहेर खाडीला ओहोटी, चिखलात बगळे.

एकोणीस वर्षांत माझी चूक सापडलेली नाही,
वार्षिक मूल्यमापनात तसं लिहिलेलं असतं.

या वर्षी एक सापडेल.
ओहायोत कोणी आळशी पोर
परीक्षेच्या आदल्या रात्री शेवटून पुस्तक चाळेल,
टिपणीस, कुमुद: ९६२,
आणि पानावर जाऊन
पांढऱ्याकडे बघत राहील जरा वेळ.